खोकल्याची बरणी

माझा भाऊ दामाजी वैती वाईन करतो आणि पीत नाही. हे आधी नीट ऐकून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पन्नास वर्षं झाली, दर साली जांभळांची वाईन करतोय, पण एक थेंब जिभेवर ठेवलेला नाही. लोक म्हणतात, "हट्, कोळ्याचा पोर आणि पीत नाही?" मला असल्या लोकांचा फार राग येतो. अरे, बघितलंय का कधी त्याला? सत्तरीचा झाला, अंगावर मांस म्हणून नाही, पायजमा घोट्याच्या वर, कानात कापूस. तो कापूसही एकाच कानात, कारण दुसरा कान टाकीला लावायला मोकळा लागतो.

टाकीला कान लावतो हो. जांभळं साखरपाण्यात पडली की तिसऱ्या दिवशी आत चुळबुळ सुरू होते. दादा सकाळी अंघोळ करून शेडमध्ये जाणार, एकेका टाकीला कान लावणार आणि विचारणार, "उठलीस का गं?" बायकोला कधी असं विचारलं नसेल. आवाज मोठा असला तर झाकण सैल करायचं, बारीक झाला तर अंगावर गोणपाट घालायचं. नाकानं वास घेतो, बोटानं चिकटपणा बघतो. जीभ मात्र नाही.

मी कलावती, त्याची धाकटी बहीण. लग्न करून बाळकुमला दिली, म्हणजे माहेरच्या कोलशेतवरून रिक्षानं दहा मिनिटं. जांभळाच्या दिवसांत मी महिनाभर माहेरी असते. बिया काढून काढून माझे हात जांभळे पडतात ते गणपतीला उजळतात. आणि माझा भाचा दर्शन, दादाचा मुलगा, पाहुण्यांना काय सांगतो? "ही आत्या, हेल्पला येते." हेल्प! ह्याला मी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलाय.

वाडीच्या दारावर दर्शननं पाटी लावलीय, 'वैती इस्टेट'. इस्टेट म्हणजे काय, तर सात जांभळं, करवंदीचं कुंपण आणि एक पत्र्याची शेड. पाठीमागं खाडी आणि तिन्ही बाजूंनी टॉवर. वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीतून खाली बघतात आणि विचारतात, ही झाडं तोडणार कधी, पार्किंग होईल.

शेडमध्ये स्टीलच्या सहा टाक्या आहेत. लायसन्स मिळालं तेव्हा घ्याव्या लागल्या. चारांत जांभळाची कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, एकीत जांभळाची गोड, एकीत करवंदाची. दर्शननं त्यांना इंग्रजी नावं दिलीयत, ती त्यालाच पाठ. शेवंतीवहिनीची नावं वेगळी. तिनं टेंभी नाक्याच्या आसपास पंचवीस वर्षं मासळी विकली, त्यामुळे कोरडी ती 'निवट्यांची', गोड ती 'कोलंबीची' आणि करवंदाची आंबट ती 'सुकटीची'. ज्या मासळीबरोबर जी शोभते तिचं नाव. आम्हाला सगळ्यांना तीच कळतात.

आणि कोपऱ्यात, माचाखाली, आयची चिनी मातीची बरणी. सातवी. ती विकायची नाही, असं दादाचं म्हणणं. आयची आठवण म्हणून दर साली भरायची, एवढंच. त्या बरणीबद्दल मला एक गोष्ट सांगायचीय, पण थांबा, आधी आयचं सांगते. दर्शननं छापलेल्या कागदावर जे आहे ते सांगत नाही. त्यात लिहिलंय की अठराशे एकाहत्तर साली आमच्या पणजोबाला एका पोर्तुगीज कप्तानानं वाईनची विद्या दिली. कप्तान! आमच्या पणजोबाला तलाठी भेटत नव्हता, त्याला कप्तान कुठून भेटायला?

खरी गोष्ट अशी. माझा बाप सीताराम खाडीतून आला की थेट भट्टीवर जायचा. जाळं एकीकडे, टोपली एकीकडे, स्वतः तिसरीकडे. एकदा त्या भट्टीची पिऊन गावातल्या दोघांची नजर गेली. माझ्या आयनं, जाईबाईनं, त्या दिवशी चूल पेटवली नाही. तिची एक गिऱ्हाईक होती, सुकट घेणारी किरिस्तांव बाई, ती घरी जांभळाची वाईन करायची. आयनं तिला सुकट दिली आणि रीत घेतली. घरी येऊन बरणी भरली आणि चार महिन्यांनी बापाच्या पुढ्यात वाटी ठेवली. म्हणाली, "प्यायची ना? घरात पी. माझ्यासमोर पी. वाटीनं पी." बापानं पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. दुसऱ्या वाटीला मिशी पुसली. भट्टीवरचं जाणं हळूहळू सुटलं. हा आमच्या इस्टेटीचा इतिहास. नवरा घरात बसावा म्हणून एका बाईनं केलेली खटपट, दुसरं काही नाही.

त्याच दिवशी आयनं नियम घातला. "करील त्यानं चाखायची नाय." करणाऱ्याची जीभ लागली की बरणी होळीपर्यंत पुरत नाही, असा तिचा हिशोब. म्हणून आय करायची आणि बाप चाखायचा. बापानं मिशी एकदा पुसली तर झाली, दोनदा पुसली तर अजून आठ दिवस. बाकी घरच्यांना होळीला एक वाटी, दिवाळीला एक वाटी, बस. आयचे हात दुखायला लागले तेव्हा दादानं करायला घेतलं. तिनं त्याला एकवीरेची शपथ घातली आणि तो विषय संपला.

बाप गेला तेव्हा चाखणार कोण हा प्रश्न आला. मला वाटलं, मी. का नाही वाटणार? माझी जीभ बापासारखी होती, आयच म्हणायची. पण आय म्हणाली, "तू सासरची. चाखणारी घरातली पायजे." आणि नवी आलेली शेवंतीवहिनी चाखायला बसली! वहिनी तोंडानं काही बोलत नाही. तिची डावी भुवई वर गेली की दादा समजतो, झाली. तेव्हापासून आमची वाईन वहिनीच्या भुवईवर चाललीय. मी वरून हसले, पण आतून किती जळाले ते माझं मला माहीत.

म्हणून मी चोरायला लागले.

हो, सांगते ना. सासरी सगळे माळकरी, तिथं बाटली दिसली असती तर मला उभी जाळली असती. मी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली पिशवीत ठेवायची. माहेरी गेले की सगळे जेवायला बसले असताना शेडमध्ये जायचं, आयच्या बरणीतून पळीनं बाटली भरायची आणि जेवढी काढली तेवढं पाणी वरून घालायचं, म्हणजे कमी झालेली कळत नाही. काय ती चव! गोड, पण गोडमिट्ट नाही. सहा टाक्यांत तशी एक नव्हती. माझा नवरा गेला त्या वर्षी तर त्या बाटलीनंच मला तारलं, खोटं कशाला बोलू. दादा दरवेळी निघताना विचारायचा, "कला, खोकला कसा हाय?" मी दोनदा खोकून दाखवायची. चाळीस वर्षं मला बारा महिने खोकला.

आता ह्या सालचं ऐका. गणपती गेले आणि दर्शननं घरात बॉम्ब टाकला. त्याला पुण्यात नोकरी लागलेली. म्हणाला, "बाबा, माजिवड्याच्या हॉटेलवाल्यांशी बोलणं चाललंय. त्यांनी आपला माल घेतला तर मी इथंच राहतो. नाहीतर दसऱ्यानंतर पुण्याला हजर होतो आणि लायसन्स परत करू. तुमच्याच्यानं एकट्यानं होणार नाही."

दादा काही ओरडला नाही. पायाचा अंगठा बघितला. मग म्हणाला, "मंग जांभळांचं काय करायचं?"

एवढंच. पण मला रडू आलं. पन्नास वर्षं जो माणूस जून महिन्यात टाकीला कान लावतो, त्यानं पुढच्या जूनमध्ये कान कशाला लावायचा?

हॉटेलवाल्यांची एकच अट होती. वाईन करणाऱ्यानं स्वतः त्यांच्याबरोबर बसून चाखायची आणि समजावून सांगायची. आणि आमच्या शहाण्यानं कागदावर काय छापलेलं? 'पन्नास वर्षं मुरलेली जीभ'! अरे मुरलेली कसली, कोरी आहे ती! मी म्हटलं, "दर्शन, गाढवा, वहिनीला पुढं कर. ती चाखते." तर तो म्हणाला, "आत्या, तारीख दिलीय. आईला नाही जमणार." बघितलं तर काय, बरोब्बर अष्टमी! वहिनी नऊ दिवस कडक धरते, घटाला माळ घातल्याशिवाय पाणी पीत नाही, ती वाईनला हात लावेल? मोबाइलमध्ये तारीख असते, तिथी नसते. भिंतीवर कॅलेंडर आहे, पण तिकडं मान वर करायला कोणाला सवड? आणि हॉटेलवाल्याकडे दुसरा दिवस नव्हता. राहता राहिला दर्शन, तर त्याला दोन घोट घेतले की शिंका येतात. वाईनच्या इस्टेटीत त्या दिवशी वाईन पिणारं माणूस नाही!

मग दर्शननं तोड काढली. बाबांच्या ग्लासात कोकम सरबत. रंग तोच, शपथ मोडत नाही, पाहुण्यांना कळत नाही. दादा म्हणाला, "हे खोटं होईल." दर्शन म्हणाला, "बाबा, फक्त ग्लास उचलायचा आणि मान हलवायची." दादानं जांभळांकडे बघितलं आणि हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटेपणा करायला निघालेला माणूस, त्याचा सदरा सकाळी दहालाच घामानं भिजलेला.

दुपारी हॉटेलचा माणूस आला. सम्यक त्याचं नाव, कल्याणचा, तिशीतला, अगदी सभ्य. चपला काढून शेडमध्ये शिरला, तिथंच मला आवडला. त्याच्याबरोबर मृणाल नावाची मुलगी, हातात वही, सम्यक जे बोलेल ते लिहून घेणारी. वहिनी लांब तुळशीपाशी बसली, नाकाला पदर लावून, वाससुद्धा नको म्हणून. मी ग्लास मांडले. दादाचा ग्लास मीच भरला, वहिनीनं केलेल्या कोकमाचा.

पहिली निवट्यांची. सम्यकनं ग्लास फिरवला, वास घेतला, घोट तोंडात खेळवला. मग अदबीनं म्हणाला, "काका, आधी तुम्ही सांगा. तुम्हाला काय जाणवतं?"

दर्शननं मान हलवायची खूण केली. पण दादाला विचारल्यावर खरं सांगायची खोड. त्यानं घोट घेतला, विचार केला आणि म्हणाला, "जिरं."

सम्यकनं पुन्हा घोट घेतला. मृणालनं वहीत लिहिलं, मग स्वतः घोट घेतला आणि म्हणाली, "हो सर, येतंय. शेवटी शेवटी येतंय जिरं."

"आणखी?" सम्यक म्हणाला.

"सैंधव."

"अगदी!" मृणाल लिहितेय.

"आणि मिरची जरा जास्त पडलीय," दादा म्हणाला. बिचारा घाम पुसत होता, पण जे लागतंय ते सांगत होता. दर्शननं डोळे मिटून घेतले. मी देवीचं नाव घेतलं.

सम्यकनं ग्लास खाली ठेवला. "मृणाल, एक मिनिट. काका, तुमचा ग्लास बघू?" त्यानं नुसता वास घेतला आणि दर्शनकडे बघितलं.  मृणालनं हळूच वहीतलं जिरं खोडलं.

दादा उठून उभा राहिला. हात जोडले. म्हणाला, "साहेब, मी पीत नाय. कधीच नाय प्यायलो. पोरगा कागदावर काय छापतो ते मना वाचता येतं, पण आवरता येत नाय. चूक माझी." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. आय, बाप, भट्टी, दोघांची नजर, सुकट देऊन आणलेली रीत, करील त्यानं चाखायची नाय. चोरी पकडल्यासारखा मान खाली घालून सांगत होता. कप्तानाचा क सुद्धा नाही.

सम्यक ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे तुमच्या कागदात का नाही?" दर्शन भिंतीकडे बघायला लागला. सम्यक म्हणाला, "पण काका, माझी अडचण होते. कोणती टाकी का तशी झाली, हे मला कोणीतरी जिभेवरून सांगायला हवं. मी नुसता वास आणि गोष्ट घेऊन हॉटेलात काय सांगू? तुमच्याकडे चाखणारं कोण?"

दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं पदर आणखी घट्ट धरला. डावी भुवई जागेवरून हलली नाही. मला वाटलं, संपलं. दर्शन पुण्याला, टाक्या भंगारात आणि दादा रिकामा.

तेवढ्यात दादा म्हणाला, "आमची कला सांगंल."

"मी?" मी ओरडलेच. "अहो साहेब, मी कधी... मी शुगरवाली बाई..."

"कला," दादा म्हणाला, "खोकला कसा हाय तुझा?"

देवा! पायाखालची जमीन सरकली.  दर्शन आ वासून बघतोय. वहिनी, जिला अष्टमीला हसायचंही नसतं, ती पदराआड गदागदा हलतेय.

काय करणार? बसले. आधी पहिली टाकी. घोट तोंडात गेला आणि लाज कुठं पळाली कळलंच नाही. म्हटलं, "ही निवट्यांची. खाडीकडच्या झाडाची जांभळं, त्यांना खारं वारं लागतं, म्हणून शेवटाला तुरट. ही गरम मसाल्याबरोबर द्या, नुसती देऊ नका." दुसरी अजून कच्ची होती, दिवाळीनंतर उघडा म्हटलं. करवंदाच्या टाकीला मी सरळ नापास केलं. देठं राहिलीयत आत, दर्शननं मोबाइल बघत बघत निवडलेली. सम्यक घोट घ्यायचा, माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. मृणालची वही भरत आली. मी म्हटलं, जिरं नको लिहूस गं बाई.

सगळं झालं आणि सम्यकची नजर माचाखाली गेली. "ती बरणी?"

कोणी काही बोलायच्या आत दर्शननं त्यातलं थोडं काढून दिलं. सम्यकनं घोट घेतला. दुसरा घेतला. "काका, ही काय आहे? किती मऊ आहे! ही कशी केलीत?"

"थोडं पाणी पडतं त्यात," दादा म्हणाला. "आपोआप."

मला खोकला आला, खराखुरा.

"हीच हवी आम्हाला," सम्यक म्हणाला. "ही द्या, बाकीच्याही सगळ्या घेतो. करवंद सोडून."

"डन!" दर्शननं हात पुढं केला.

"नाय," दादा म्हणाला.

"बाबा, अहो अख्खा सौदा आहे!"

"ती विकायची नाय. ती कलाची हाय." दादानं माझ्याकडे बघितलंच नाही, सम्यकशी बोलत राहिला. "आमची आय जाताना बोलली, कलाला एक बरणी ठेव. ती मागायची नाय, चोरील. चोरू दे. म्हणून ती खाली ठेवतो, हिचा हात पोचावा म्हणून. आणि ही वरून पाणी घालते, म्हणून साखर आधीच जास्त घालतो."

 आयला ठाऊक होतं. दादाला ठाऊक होतं. चाळीस वर्षं मी चोरपावलांनी जात होते आणि हा माणूस माझ्यासाठी बरणी भरून, खाली ठेवून, जेवायला पाठ करून बसत होता. आणि आज, सगळं बुडत असताना, तीच द्यायची नाही म्हणतोय. मी रडत रडत ओरडले, "देऊन टाक रे मेल्या! माझ्या खोकल्यापायी घर बुडवतोस काय?"

"तू गप," दादा म्हणाला.

सम्यकनं हळूच ग्लास खाली ठेवला. त्यात अजून एक घोट होता, तो त्यानं माझ्यापुढं सरकवला. "राहू दे काका. ही आत्यांचीच. पुढच्या वर्षी अशी एक टाकी आमच्यासाठी कराल?"

दादानं शेडच्या दारातून वर जांभळांकडे बघितलं. आठवडाभर त्यानं तिकडं डोळे भरून बघितलं नव्हतं. म्हणाला, "करीन. पण मना काय कळत नाय त्यातलं. ही येऊन चाखंल तरच होईल." मग तुळशीकडे वळून विचारलं, "काय गं, चालंल ना?"

वहिनीची डावी भुवई वर गेली.

सम्यकनं बाकीच्या टाक्यांच्या सौद्यावर सही केली, आणि जाताना दर्शनला म्हणाला, तो कप्तान काढा, जाईबाई घाला. दर्शन पुण्याला नकाराचा फोन लावायला टॉवरच्या बाजूला गेला, तिथं रेंज येते. मी डोळे पुसून घरी निघाले. पिशवी शोधतेय तर ती दादाच्या हातात. त्यानं आतून खोकल्याची बाटली काढली, बरणीत पळी घातली आणि माझ्यादेखत भरली. मी पाण्याचा तांब्या उचलला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता."

मग बाटली माझ्या हातात देऊन म्हणाला, "झाकण घट्ट लाव. दर टायमाला रिक्षात सांडवतेस."